गेममध्ये नोंदी पेरणाऱ्यांना खुले पत्र

गेम स्टुडिओंमधले लेखक, लेव्हल डिझायनर (गेममधल्या जागा रचणारे) आणि त्यांच्या कामाचं वेळापत्रक ठरवणारे निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गेममध्ये जे वाचलं नाही तरी चालतं, ते वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे. टर्मिनलवरचे, म्हणजे गेममधल्या संगणकांवरचे, ईमेल, मेलेल्या सैनिकाच्या खिशातलं पत्र, टेबलाखाली पडलेली टेप, तलवारीच्या वर्णनातल्या तीन ओळी. मेन मिशनचा बाण उजवीकडे दाखवत असतो, तेव्हा मी आधी डावीकडचं दार उघडून बघतो. असे खेळाडू किती, याचा हिशेब तुमच्याकडे असेलच. तो आकडा बघून ‘एवढ्या थोड्यांसाठी एवढी मेहनत कशाला’ असा प्रश्न तुमच्या बैठकांमध्ये निघत असेल, असंही मी धरून चालतो. त्या प्रश्नाला बाहेरच्या माणसाने दिलेलं उत्तर म्हणून हे पत्र वाचावं.

गेममध्ये जवळपास सगळंच खेळाडूसाठी मांडलेलं असतं. शत्रू त्याचीच वाट बघत उभा असतो, पूल तो मधोमध पोचल्यावरच कोसळतो, दुकानदार त्याच्याशीच बोलायला जन्माला आलेला असतो. या सगळ्यात एखादी चिठ्ठी सापडते आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला खेळाडूचं नावही माहीत नसतं. आपण यायच्या आधीपासून हे जग चालू होतं आणि आपल्यावाचून त्याचं काही अडलेलं नव्हतं, हे पटवायला याहून चांगलं साधन तुमच्याकडे नाही. म्हणून ते वरवरच्या भरणीसारखं वापरलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं.

साधन नीट वापरलं की काय होतं, ते मी सविस्तर सांगणार आहे. ‘फॉलआउट: न्यू वेगस’चं २०११ सालचं ‘ऑनेस्ट हार्ट्स’ हे डीएलसी, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेला भाग, घ्या. त्याची मुख्य कथा झायन दरीतल्या टोळ्यांच्या संघर्षाची आहे, आणि ती दरीतल्या काही जुन्या गुहांमध्ये न शिरताही पूर्ण करता येते. त्या गुहा तिथल्या सॉरोज टोळीला निषिद्ध आहेत आणि आत सापळे लावलेले आहेत. तरीही कुणी आत गेलंच, तर जुन्या टर्मिनलवर रँडल क्लार्क नावाच्या माजी सैनिकाची रोजनिशी सापडते. गेमच्या काल्पनिक इतिहासात २०७७ साली अणुबॉम्ब पडले तेव्हा तो घरापासून लांब होता आणि बायको-मुलगा सॉल्ट लेक सिटीत होते. तो एकटा दरीत येऊन राहतो. पुढे व्हॉल्ट २२ या भूमिगत आसऱ्यातून आलेली माणसं दरीतल्या निर्वासितांना मारून खातात, आणि क्लार्क एकेकाला टिपत त्यांचा सूड घेतो. नंतर एक बाई त्याच्या आयुष्यात येते. बाळंतपणात ती आणि बाळ दोघंही जातात. खूप वर्षांनी दरीत मुलांचा घोळका येतो. म्हातारा झालेला क्लार्क त्यांच्यासमोर जात नाही. लांबूनच त्यांच्यासाठी वस्तू ठेवतो, कसं जगायचं ते लिहून ठेवतो, आणि मरण जवळ आल्यावर आपलं प्रेत पोरांच्या नजरेस पडू नये म्हणून दूर निघून जातो.

ती मुलं म्हणजे आजच्या सॉरोज टोळीचे पूर्वज. ही टोळी ‘गुहेतल्या पित्या’ला मानते. तो पिता कोण होता, त्याने कुणाला मारलं, कुणाला गमावलं, यातलं टोळीला काही ठाऊक नाही. खेळाडूलाही कळतं ते गुहांमधले तुकडे एकमेकांशेजारी ठेवले तरच. रेड गेट नावाच्या जागी एक सांगाडा आणि त्याच्याजवळ एक रायफल आहे. नोंदी न वाचलेल्याला तिथे फक्त एक चांगलं हत्यार मिळतं. वाचलेला मात्र ती रायफल उचलावी की नाही, असा विचार करत तिथे थांबतो.

हीच गोष्ट कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून दाखवल्या जाणाऱ्या दृश्यात, दाखवली असती तर? संगीत वाजलं असतं, कॅमेरा हळूहळू जवळ गेला असता, आणि आता गहिवरायचं आहे अशी सूचना आपोआप मिळाली असती. इथे कुणी काही सांगत नाही. आख्ख्या दरीत एकट्या खेळाडूला माहीत असलेली एक गोष्ट त्याच्याजवळ राहते आणि पुढे सॉरोजपैकी कुणीही पित्याचं नाव घेतलं की ती जड होते. ‘ऐच्छिक’ या गोष्टीचं बळ ते हेच. सापडलेलं आपलं वाटतं, हातात दिलेलं तितकं वाटत नाही.

शत्रूच्या बाजूनेही हे करता येतं. ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये (२००२) स्कॅन व्हायजर (वस्तू तपासणारी शिरस्त्राणाची काच) लावून अंतराळ चाच्यांच्या नोंदी वाचता येतात. नायिका सॅमस चेंडूसारखी गोल होऊन अरुंद बोगद्यांतून घरंगळत जाते, ही त्या मालिकेतली वर्षानुवर्षांची खेळायची पद्धत. चाच्यांच्या शास्त्रज्ञांनी म्हणे तिच्या पोशाखाची नक्कल करायचा प्रयत्न केला. एका नोंदीत लिहिलंय, की त्या गोल होण्याच्या प्रयोगात चौघांची हाडं-शरीरं पार पिळवटून गेली आणि मग विज्ञान विभागाने शहाणपणाने तो नाद सोडला. अहवालाच्या कोरड्या भाषेतल्या या दोन-तीन ओळींनी शत्रूला कचेरी मिळते, वरिष्ठ मिळतात, अपयश मिळतं, भीती मिळते. शिवाय आपण इतके दिवस सहज दाबत आलेलं ते बटण त्या जगात किती अशक्य गोष्ट आहे, तेही कळतं. एवढं काम एका परिच्छेदात करणारा लेखक कुणाला महाग पडतो?

‘होरायझन झीरो डॉन’मधल्या (२०१७) प्राचीन भांड्यांबद्दलही मला फार प्रेम आहे. ते साधे कॉफीचे मग आहेत. आपली संस्कृती नष्ट होऊन शेकडो वर्षं लोटलेली, आणि त्या भविष्यातल्या माणसांना ते प्राचीनांचे मौल्यवान अवशेष वाटतात. मनगटी घड्याळाला ते कंकण समजतात. खेळाडूला खरं माहीत आहे, पात्रांना नाही, आणि त्या दोहोंमधल्या अंतरात सगळा मधला काळ मावलेला आहे. इथे तर लांबलचक मजकूरही लागलेला नाही. वस्तू आणि तिच्यावर चिकटवलेलं चुकीचं नाव, बस्स.

आता जे बिघडतं त्याकडे वळतो.

गोळा करायच्या वस्तूंमधून अर्थ काढून घेतला की मागे फक्त मोजणी उरते. पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये (२००७) ४२० झेंडे होते. जेरुसलेम, दमास्कस, एकर अशा शहरांच्या छपरांवर, गल्ल्यांत, वाटांवर. उचलला की आकडा एकाने वाढायचा. झेंडा तिथे कुणी लावला, का लावला, याबद्दल झेंडा काही बोलत नाही. दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात १०० पिसं होती. उडी मारा, पोचा, उचला, ही क्रिया तीच. पण नायक एझिओचा धाकटा भाऊ पेत्रूचिओ आजारी असायचा आणि पिसं जमवायचा, हे आपण सुरुवातीलाच पाहिलेलं असतं. त्याच्यासाठी पिसं आणून दिलेलीही असतात. मग त्या पोराला वडील आणि थोरल्या भावाबरोबर फाशी दिलं जातं. आई बोलायची थांबते. मोंतेरिज्जोनीच्या वाड्यात ती पलंगाशी गुडघे टेकून बसलेली असते, आणि जमवलेलं प्रत्येक पीस तिच्या खोलीतल्या पेटीत जातं. सगळी जमली की तिचं मौन सुटतं. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने झेंडा आणि पीस यांत फारसा फरक नसेल. खेळाडूच्या दृष्टीने एक काम आहे आणि दुसरं श्राद्ध.

‘ॲलन वेक’मध्ये (२०१०) तर दोन्ही प्रकार एकाच जंगलात विखुरलेले आहेत. हस्तलिखिताची पानं सापडतात, आणि त्यांत पुढे घडणाऱ्या गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात. पुढच्या वळणावर काय येणार हे माहीत असूनही तिकडेच जावं लागतं, आणि त्यामुळे भीती वाढते. त्याच वाटांवर १०० कॉफी थर्मासही ठेवलेले आहेत. एक पान आणि एक थर्मास शोधायला मला सारखाच वेळ लागतो. तो वेळ माझा आहे. तो कशासाठी मागताय, याचा विचार वस्तू ठेवण्यापूर्वी करावा, एवढंच मागणं आहे.

नोंदी लिहिणाऱ्यांशी थोडं त्यांच्या कामाबद्दल बोलतो. १९९४ साली ‘सिस्टम शॉक’ करणाऱ्यांनी अंतराळ स्थानकावर बोलायला जिवंत माणूसच ठेवला नाही. त्या काळच्या गेममधली मेनूतून वाक्यं निवडून होणारी संभाषणं खोटी वाटायची. म्हणून सगळे मेलेले आणि त्यांचे लॉग, म्हणजे नोंदी, तेवढे मागे राहिलेले, असा मार्ग काढला गेला. तंत्राच्या मर्यादेतून निघालेली ही युक्ती इतकी चांगली होती, की पुढच्या दशकांत ती सगळीकडे पसरली. पण पसरताना तिच्यातला एक सांधा निखळत गेला. कुणी, कुणासाठी, कशासाठी हे लिहिलं, आणि ते नेमकं इथेच का पडलंय? ‘बायोशॉक’ (२००७) मला अतिशय आवडतो. समुद्राखालच्या रॅप्चर शहराचा गर्व आणि ऱ्हास त्यातल्या ध्वनिमुद्रित रोजनिश्यांमधून जसा ऐकू येतो, तसा कुठल्याच निवेदकाकडून ऐकू आला नसता. तरीही एका माणसाची रोजनिशी तुकड्या-तुकड्यांनी शहरभर, वेगवेगळ्या यंत्रांत, प्रत्येक तुकडा बरोबर त्या विषयाच्याच खोलीत कशी काय राहिली, याचं उत्तर तो गेम देत नाही. त्याच्या आवाजांमध्ये इतका जीव होता की आपण ते चालवून घेतलं. नंतरच्या कितीतरी गेमनी जीव न घेता नुसतं ते यंत्र उचललं. राक्षस दार फोडतोय आणि आतला माणूस शांतपणे रेकॉर्डरवर शेवटचं वाक्य पूर्ण करतोय, हे आता इतक्यांदा झालंय की त्याची भीती वाटेनाशी झाली आहे.

आर्केन स्टुडिओच्या ‘प्रे’मध्ये (२०१७) हा प्रश्नच उरत नाही, कारण तिथले बहुतेक ईमेल ज्याच्या-त्याच्या संगणकावर आहेत. तालोस १ या अंतराळ स्थानकावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नाव आहे, आणि सुरक्षा केंद्राच्या संगणकावरून तो आत्ता कुठे आहे हे शोधता येतं. काही सहकारी मिळून फावल्या वेळात एक टेबलटॉप खेळ खेळायचे. त्यांचे कागद इथे-तिथे सापडतात, आणि पुढे कुठे तरी त्यांच्यातल्याच कुणाचं प्रेत सापडतं. नाव ओळखीचं वाटून पाय थबकतो. ‘गॉन होम’मध्ये (२०१३) राक्षसही नाहीत, फक्त १९९५ सालचं एक रिकामं घर. बिलं, प्रकाशकाची पत्रं, ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या. थोरली बहीण घरी येते आणि धाकटीची गोष्ट उलगडत जाते, ती ठसठशीत आहे. पण बापाच्या लहानपणी या घराशी निगडित काहीतरी भयंकर घडलं असावं, हे थेट कुठेच लिहिलेलं नाही. जुन्या तारखा, तळघरातल्या वस्तू, त्याच्या कादंबऱ्या पुन्हापुन्हा कुठल्या एकाच वर्षाकडे वळतात ते, असं जुळवत गेलं तर अंगावर काटा येतो. न जुळवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि गेम त्याबद्दल तक्रार करत नाही. एवढा संयम ठेवणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

इथे लेव्हल डिझायनरांचा भाग येतो. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (२०१३) इश नावाचा माणूस आहे. तो कधीच भेटत नाही. किनाऱ्याला लागलेल्या एका बोटीत त्याची पहिली चिठ्ठी मिळते. साथ पसरली तेव्हा तो समुद्रावर होता. सुरक्षित होता, पण एकटेपणा सहन होईना. पुढे गटारांच्या बोगद्यांतून जावं लागतं, आणि तिथे लोक राहत होते हे दिसतं. मुलांसाठी वर्ग आहे, भिंतीवर नियम लिहिले आहेत, पावसाचं पाणी साठवायची सोय आहे. चिठ्ठ्यांमधून कळतं की इशने काही कुटुंबांना इथे आसरा दिला होता. एक दार उघडं राहिलं आणि सगळं संपलं. एका खोलीत चादरीखाली लहान शरीरं आहेत आणि जमिनीवर लिहिलंय, की त्यांना वेदना झाल्या नाहीत. बोगद्यातून जाणं सक्तीचं आहे, चिठ्ठ्या ऐच्छिक आहेत. काहीच न उचलणारा खेळाडूसुद्धा त्या वर्गखोलीतून जातो आणि इथे काय झालं असेल असं त्याच्या मनात येऊन जातं. वाचणाऱ्याला फक्त नावं मिळतात. जागेने अर्धी गोष्ट सांगायची आणि कागदाने उरलेली, ही वाटणी मला आदर्श वाटते. ती एकाच टेबलाशी बसलेल्या माणसांना जमते. लेव्हल तयार झाल्यावर ‘आता इथे साठ नोंदी लागतील’ असा निरोप लेखकाला आला, तर ती जमणार नाही. निर्मात्यांनो, नोंदी कंटाळवाण्या होण्याचं खापर दर वेळी लेखकावर फोडू नका. त्याला कधी बोलावलं तेही पाहा.

काही गोष्टी साध्या आहेत, त्यांवर फार बोलत नाही. ऑडिओ लॉग लावला की मी चालत राहतो, आणि दहा पावलांवर साथीदार बोलायला लागतो. लॉग मध्येच तुटतो, किंवा दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये साथीदार मिमीर होडीत गोष्टी सांगतो, किनारा आला की तो थांबतो, आणि पुन्हा होडीत बसलं की सोडलेला धागा उचलून पुढे सांगतो. म्हणजे हे करता येतं. अक्षरं मोठी करायची सोय द्या. वाचताना शत्रू थांबले पाहिजेत. मिशन संपल्यावर परत येता येणार नसेल तर आधी सांगा.

दोन गोष्टींचा मात्र मला खरा राग आहे. पहिली म्हणजे गेमचं जग गेमबाहेर ठेवणं. ‘डेस्टिनी’ (२०१४) खेळताना गेमच्या जगाची माहिती देणारी ग्रिमॉयर कार्डं मिळायची आणि ती वाचायला वेबसाइट नाही तर ॲप उघडावं लागायचं. त्या कार्डांत सुरेख लेखन होतं! दुसऱ्या ‘डेस्टिनी’त ही पद्धत सोडून मजकूर गेममध्ये आणला, ते योग्यच झालं. ‘हेलो ४’ (२०१२) मध्ये टर्मिनल गेममध्ये सापडायचं आणि त्याचा व्हिडिओ वेगळ्या सेवेवर बघायचा. ज्या क्षणी कुतूहल जागं झालं, त्याच क्षणी खेळाडूला खोलीबाहेर पाठवणं हा लेखकाचाही अपमान आहे. शिवाय वेबसाइट बंद पडतात. डिस्कवरचा मजकूर राहतो.

दुसरी गोष्ट, शेवटाला कुलूप लावणं. ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’मध्ये (२०१५) पूर्ण शेवट बघायला रिडलर या खलनायकाची सगळी २४३ आव्हानं पार करावी लागतात. ऐच्छिक गोष्टीचं सगळं सौंदर्य ती नाकारता येते यात आहे. मुख्य कथेचा शेवटच ओलीस धरला की ती नाकारता येत नाही, आणि मग खेळाडू शोधत नाही, यादी उघडून उरकतो. याच मालिकेतल्या पहिल्या गेममध्ये, ‘आर्कम असायलम’मध्ये (२००९), याच्या उलट केलं होतं. भिंतींवरचे गूढ संदेश जमवत गेलं की ते लिहिणारा कोण हे उघड होतं, आणि तो आपल्याला भेटून गेलेलाच माणूस निघतो. तिथे जमवण्याचं बक्षीस म्हणजे जमवलेल्या गोष्टीचाच अर्थ. कथेला धक्का लागत नाही, पण त्या माणसाकडे पुन्हा पहिल्यासारखं बघता येत नाही.

आणि वाचलेलं जगाला कळलं तर? ‘हेलो ३: ओडीएसटी’मध्ये (२००९) सेडी नावाच्या मुलीची गोष्ट ३० ऑडिओ लॉगमधून येते. मुख्य कथेशी तिचा फारसा संबंध नाही. पण आधीचे सगळे लॉग शोधून काढले असतील, तर शेवटच्या लॉगच्या वेळी सोबतचा पोलिस अधिकारी वेगळा वागतो, कारण त्या लॉगमधली भानगड त्याला दडपायची असते. बाकीच्यांसाठी तो साधा सोबती असतो. असं दर गेममध्ये करा असं मी म्हणणार नाही. खर्चिक असेल ते. एखाद्या पात्राच्या तोंडी एकच जास्तीचं वाक्य चालेल. दुकानदाराच्या हरवलेल्या भावाची डायरी मी वाचली असेल, तर दुकानदाराशी बोलताना मला त्याबद्दल काही म्हणता यावं, निदान गप्प बसायचं की नाही ते तरी माझ्या हाती असावं. डायरी बॅगेत आहे, दुकानदार समोर आहे, आणि बोलायला मेनूत फक्त ‘खरेदी’ आणि ‘विक्री’, हा प्रसंग तुमच्या गेममध्ये वारंवार येतो. पुढच्या गेमच्या कामात हे एक वाक्य लिहायला आणि ते कधी बोलायचं हे ठरवायला कुणाला तरी एखादा दिवस द्या.

अशा वस्तू कुठे आहेत ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या खुणांबद्दल तुमच्यात मतभेद आहेत असं दिसतं. माझा कौल असा: पहिल्यांदा खेळताना खुणा नकोत, गेम संपल्यावर हव्या त्याला चालू करता याव्यात. ज्याला सगळं मिळवायचंच आहे त्याचाही मान राहील, आणि नुसतं भटकणाऱ्याचाही.

तुमच्यातले बरेच जण हे लिहिताना, आपलं कुणी वाचेल की नाही याची खात्री नसतानाही जीव ओततात, हे वाचणाऱ्याला जाणवतं. रँडल क्लार्कच्या नोंदी लिहिणाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष सांगायची इच्छा आहे, ते इथेच सांगतो: सगळ्या गुहांमध्ये गेलो होतो, सगळं वाचलं, आभार.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक खेळाडू